जीएसटीत ७५ मार्क, तरी १७,५३० गेले

टीवायबीकॉमची परीक्षा संपल्यावर एका जॉब साइटवर बायोडेटा टाकला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. "तुमचं प्रोफाइल बँकेसाठी शॉर्टलिस्ट झालंय." बाई मराठीत बोलत होत्या, तेही इतकं आपुलकीने की आईसुद्धा म्हणाली, जाऊन तर ये.

ऑफिस अंधेरी पूर्वेला. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला. काचेचं दार, एसी, भिंतीवर टाय लावलेल्या पोरापोरींचे फोटो, बाहेर बाकावर माझ्यासारखेच दहा-बारा जण फाईल सांभाळत बसलेले. ती गर्दी बघूनच मी निर्धास्त झाले. एवढी मुलं आली आहेत म्हणजे काहीतरी खरं असणारच, असं वाटलं. तेव्हा कळलं नाही की ती सगळी माझ्यासारखीच फोनवर बोलावलेली होती.

पहिल्या दिवशी रजिस्ट्रेशनचे फक्त १,५०० घेतले. इथेच सगळी मेख आहे. एकदम १७ हजार मागितले असते तर मी उठून आले असते. दीड हजार दिले की माणूस अडकतो, पुढचे द्यायला नकार दिला तर आधीचे बुडतील असं वाटतं. आठवड्याभरात 'इंटरव्ह्यू ग्रूमिंग'चे ८,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,०३०. आईने भिशीचे पैसे काढून दिले. मग बँकेच्या नावाचं ऑफर लेटर मेलवर आलं, आणि लगेच फोन: "बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे ६,००० आजच भरा, सीट दोनच उरल्यात. पहिल्या पगारात परत मिळतील." क्यूआर स्कॅन केला तर कंपनीच्या नावाऐवजी कुठल्यातरी माणसाचं नाव आलं. विचारलं, तर म्हणे अकाउंट्सवाले सर आहेत. मी भरले.

जॉइनिंगच्या तारखेला त्यांचे सगळे फोन बंद. लेटर घेऊन मी डोंबिवलीतल्याच त्या बँकेच्या शाखेत गेले. तिथल्या साहेबांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "बाळा, पैसे दिलेस का?" उत्तर त्यांना चेहऱ्यावरच दिसलं असावं.

रात्री दादाने पावती मागितली. जीएसटी नंबर मोजला, १३ अक्षरं. असतात १५. सुरुवातीला राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७, मग दहा अक्षरी पॅन. हे मी परीक्षेत लिहून आले होते! ७५ मार्क होते मला त्या पेपरात. वर पावतीवर 'नोकरी' हा शब्दच नव्हता, 'करिअर मार्गदर्शन शुल्क' होतं. सही केलेल्या फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं, नोकरीची हमी नाही. मी ते पान उलटलंच नव्हतं.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रारही टाकली, पण तोवर शेवटचे पैसे देऊन सहा दिवस झाले होते. या नंबरवर लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. माझे तोवर कुठच्या कुठे गेले होते. लाजेपायी मी ते दिवस घालवले, आईला काय सांगू या एकाच विचारात. आधार आणि पॅनच्या झेरॉक्सही त्यांच्याकडेच आहेत; आधारचं बायोमेट्रिक मी आता लॉक करून ठेवलंय.

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचे सर नंतर भेटले. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल फुकट आहे, त्यावर नाव घाल, म्हणाले. मग रजिस्टर उघडून त्यांनी माझ्या नावापुढची फुली दाखवली. एक कंपनी कॉलेजात आली होती, फी नाही, काही नाही, आमच्या वर्गातल्या चौघांना घेऊन गेली. त्या दिवशी मी चकाल्याला मॉक इंटरव्ह्यू देत बसले होते.