नवी पेठेतलं फ्रेमचं दुकान: जुना कागद निर्धास्तपणे द्यावा असं

माझ्याकडं 1879 च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या लंडनच्या सचित्र साप्ताहिकातलं एक मोठं पान आहे. त्यावर चित्र आहे: दक्षिण आफ्रिकेतली इंग्रज आणि झुलू लोकांमधली उलुंदीची लढाई, 4 जुलै 1879. पुण्यात रद्दीच्या ढिगात सापडलं. मधोमध घडी, कडा खाल्लेल्या. आधी ज्या दुकानात नेलं तिथं म्हणाले, "लॅमिनेशन करून देतो, कडा छाटल्या की मस्त दिसेल." तसंच गुंडाळून घरी आणलं.

मग आमच्या सोलापुरात नवी पेठेतल्या एका बोळात हे दुकान मिळालं. मालकांना सगळे अण्णाच म्हणतात. त्यांनी पान हातात घेऊन आधी उजेडाकडं धरलं. "मागं पण छापलंय की हो. मग पाठीला काही चिकटवायचं नाही." तिथंच माझा जीव भांड्यात पडला.

मी 34 वर्षं चादरीची नक्षी ग्राफवर उतरवली. त्यामुळं या चित्रात मला सगळ्यात आधी दिसतात ते सांधे. तेव्हा वर्तमानपत्रात फोटो छापता येत नव्हता. लाकडाचे छोटे ठोकळे बोल्टनं जोडून एक मोठा ठोकळा करायचे, त्यावर चित्र काढायचे, मग ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना कोरायला द्यायचे. म्हणजे काम लवकर उरकायचं. सांध्यावरच्या रेघा मात्र मुख्य कारागीर आधीच कोरून ठेवायचा, नाहीतर आपल्या जॅकार्ड मागाचं नक्षीच्या छिद्रांचं एक कार्ड उलटं शिवल्यावर फूल तुटतं ना, तसं व्हायचं. माझ्या पानावर धुराच्या ढगातून एक केसाएवढी पांढरी रेघ उभी गेलीय. अण्णांना दाखवली, तर ते भिंग घेऊन पाच मिनिटं तिथंच अडकले.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. पुढं झुलू योद्धे आपल्याकडं पाठ करून धावतायत, आणि चारी बाजूंना तोंड करून उभ्या इंग्रज सैनिकांचा चौकोन लांब, बारीक दिसतो. पण त्या पेपरचा चित्रकार मेल्टन प्रायर होता त्या चौकोनाच्या आत! झुलूंच्या पाठीमागं उभं राहून कुणी हे पाहिलंच नव्हतं. बाहेरून दिसणारी बाजू मनानं रचलेली, आणि लंडनमध्ये घरोघरी लोकांनी तीच लढाई म्हणून पाहिली. लढाई संपली अर्ध्या-पाऊण तासात, कारण समोर रायफली आणि गॅटलिंग म्हणजे भराभर गोळ्या झाडणाऱ्या बंदुका होत्या. इंग्रजांनी लावलेला 1930 चा मार्शल लॉ भोगलेल्या गावातल्या माणसाला हे चित्र नुसतं शोभेचं वाटत नाही.

आता कामाबद्दल. कागद कुठंही छापलेल्या भागावर चिकटवलेला नाही. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्या, त्याही गव्हाच्या खळीनं लावलेल्या, पाण्यानं सुटतील अशा. सुताला लावतात ती खळ आपल्याला नवी नाही, पण फ्रेमवाल्याकडं ती बघून बरं वाटलं. चारी बाजूंच्या कडा जशाच्या तशा ठेवल्यात. काचेला कागद टेकू नये म्हणून जाड माउंट, तोही ॲसिड-फ्री बोर्डाचा. सगळे मिळून 1,850 रुपये झाले. स्वस्त नाही, पण वाजवी आहे.

खोट एकच: सहा दिवस सांगून पंधरा लावले. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी होती, मान्य, पण एक फोन करायला हवा होता. काचही साधी आहे, ट्यूबलाईट चमकते.

"पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, आपलं ऊन कागद खातं," असं अण्णांनी दोनदा बजावलं. म्हणून पान आता देवघराशेजारच्या बोळात आहे. ट्यूब बंद करून दारातल्या उजेडात बघितलं की ती पांढरी रेघ स्वच्छ दिसते.