नागपुरातल्या लॉ कॉलेज चौकाकडचा रायटिंगचा क्लास: ग्रामर शिकायला जात असाल तर जाऊ नका

पहिलेच सांगून टाकतो, हा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही. ते तर सीताबर्डीत एकेका बिल्डिंगवर तीन-तीन बोर्ड लागलेले आहेत. इथे असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, डिझर्टेशन, म्हणजे कॉलेजात जे लिहावं लागते अन जे कोणीच शिकवत नाही, ते शिकवतात. शनिवार-रविवारची बॅच, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बोर्ड इतका लहान की मला तो दिसलाच नसता, खालच्या झेरॉक्सवाल्याला विचारून वर गेलो.

बॅच म्हणजे खिचडी आहे. एक भामरागडकडचा पोरगा, घरी माडिया अन शिक्षण आश्रमशाळेत मराठीतून. एक पोरगी सिरोंच्याची, घरी तेलुगू. जरीपटक्याचा सिंधी पोरगा इंग्लिश मिडियमचा, छिंदवाड्याचा एक हिंदी मिडियमचा, अन मी वर्ध्याचा पक्का मराठी मिडियम, एमएसडब्ल्यूवाला (समाजकार्याचं पीजी). नागपुरात हे काही नवीन नाही म्हणा, 1956 पर्यंत हे शहर मराठी-हिंदी दोन्ही भाषांच्या राज्याची राजधानीच होतं. पण कॉलेजच्या वर्गात सर लोकं असं शिकवून राहिलेत जसं काही सगळेच कॉन्व्हेंटमधून आलेत.

मॅडमनी पहिल्या दिवशी लिहायला काय दिलं, तर तुमच्या घरी कोण काय लिहिते ते सांगा, भाषा कोणतीही चालेल. कोणी आईचं बचत गटाचं रजिस्टर लिहिलं, कोणी तहसीलचे अर्ज, कोणी दुकानाची उधारीची वही. मग तेच इंग्लिशमध्ये. लाल पेन नाही, स्पेलिंगवर गोल नाही, फक्त बाजूला प्रश्न लिहिलेले, "हे कोणाला सांगून राहिला?", "इथे पुरावा काय?" मला आधी वाटलं पैसे गेले पाण्यात. पण दोन-तीन आठवड्यांनी समजलं की पोट्टे लिहायला घाबरत होते म्हणून चुकत होते, येत नव्हतं असं नाही.

मॅडमचा सगळ्यात भारी तास प्रस्तावनेचा. आपण दहावी-बारावीत सुविचाराने निबंध सुरू केला की मार्क भेटतात, मग कॉलेजातही "प्राचीन काळापासून मानव" करत बसतो अन मुद्दा येते तिसऱ्या पानावर. त्यांनी फळ्यावर रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन भाषातज्ज्ञाची 1966 ची आकृती काढली, इंग्लिशवाल्यांचा विचार सरळ रेष अन पूर्वेकडच्यांचा गोल गोल भोवरा. अन लगेच सांगितलं की यावर पुढे भरपूर टीका झाली, कारण कोण्या भाषेचा मेंदू वाकडा नसते, शाळेत जसं लिहून घेतलं तशी सवय लागते. मुद्दा पहिल्या परिच्छेदात आणायचा तो इंग्लिश शहाणी म्हणून नाही, पेपर तपासणारा घाईत असते म्हणून. मला तर हे एकदम पटलं.

दुसरी गोष्ट कॉपी-पेस्टची. गाइडमधलं जसंच्या तसं उतरवलं की बारावीत शाबासकी, अन पीजीला तेच केलं की चोरी. यूजीसीच्या 2018 च्या नियमात थिसिस-डिझर्टेशनमध्ये दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालते, त्याच्यावर 40 टक्क्यांपर्यंत गेलं की परत लिहा, त्याहून जास्त असलं की मोठी शिक्षा. शब्द बदलून साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला फसवायच्या ट्रिका मॅडम शिकवत नाहीत. उतारा वाचा, पुस्तक बंद करा, शेजारच्याला आपल्या भाषेत समजावून सांगा, मग लिहा. भामरागडवाला छिंदवाडावाल्याला आपल्या नागपुरी हिंदीत पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या हक्कांचा) समजावत होता, अन नंतर जे इंग्लिश उतरलं ते साधंसुधं पण त्याचं स्वतःचं होतं. त्याच्याच मोहाफुलांच्या असाइनमेंटमध्ये आजोबांनी सांगितलेली माहिती होती, ती त्याने खोडून टाकली होती, "सोर्स नाही ना मॅडम" म्हणे. आजोबाच सोर्स आहे बे! संदर्भ द्यायच्या एपीए पद्धतीत अशी सांगितलेली माहिती मजकुरातच नाव-तारखेसकट टाकतात, शेवटच्या यादीत नाही, हे त्या दिवशी समजलं.

आता जे नाही आवडलं ते. हँडआउट सगळे अमेरिकेचे. 1974 मध्ये तिकडच्या रायटिंग शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेचा हक्क आहे असा ठराव केला, हे वाचायला बरं वाटते, पण तिथे पोरांच्या चारही बाजूंनी इंग्लिश असते, आपल्याकडे इंग्लिश फक्त पुस्तकात. आपल्या विद्यापीठाचे नमुने दोन-चार तरी ठेवा ना. फीडबॅक कधी कधी इतका उशिरा येते की तोपर्यंत कॉलेजात सबमिशन होऊन गेलेलं असते. चर्चेत इंग्लिश मिडियमवाले अर्धा तास खाऊन टाकतात, सिरोंच्याची पोरगी महिनाभर बोललीच नाही अन मॅडमचं लक्ष उशिरा गेलं. एआयवर तर सरळ बंदी, पहिला ड्राफ्ट हातानेच. मला बंदी जास्तच वाटते, पण एक फायदा झाला: बॅचमधल्या एकाला त्याच्या कॉलेजात "हे मशीनने लिहिलं" म्हणून धरलं, त्याने हाताचा ड्राफ्ट दाखवला अन सुटला. हे एआय पकडणारे डिटेक्टर आपल्यासारख्यांवरच जास्त संशय घेतात, 2023 मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी तपासलं तर इंग्लिश मातृभाषा नसलेल्या पोरांनी टोफेल या इंग्लिशच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या निम्म्याहून जास्त निबंधांना डिटेक्टरनी मशीनचं ठरवलं होतं.

फी साडेचार हजार, दोन हप्ते चालतात, आश्रमशाळेच्या पोरांना कमी करून देतात पण विचारावं लागते, स्वतःहून सांगत नाहीत. पार्किंग विसरा. आयईएलटीएस (परदेशी जायला लागते ती इंग्लिशची परीक्षा) पुढच्या महिन्यात असेल तर इथे फायदा नाही, तिथले 40 मिनिटांत 250 शब्द वेगळी प्रॅक्टिस मागतात. डिझर्टेशन लिहायला बसायच्या आधीच्या सेमला जॉइन करा, डेडलाइन डोक्यावर घेऊन गेलात तर मॅडम तुम्हाला पहिल्या पानावरच अडकवून ठेवतील.