घडी दिसते, पण हाताला लागत नाही

दादाच्या साठीला काय द्यायचं, हा प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी तो पुण्याहून इकडे कॅलिफोर्नियात आला तेव्हा आम्ही दोघं माउंट व्हिटनी चढलो होतो. जाऊन-येऊन २२ मैल, माथा १४,५०५ फुटांवर. म्हणून त्याच भागाचा जुना नकाशा शोधला: अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याचा, १९०७ चा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे 'अस्सल, एकच प्रत' असा मिळाला. २४० डॉलर मोजले. पिवळट कागद, घड्यांच्या रेघा, कोपऱ्यात डाग, ग्रंथालयाचा शिक्का. मी जाम खूश.

दादाची हयात छापखान्यात गेली. या खेपेला आला तेव्हा त्याने नकाशा उलगडला आणि आधी त्यावरून बोट फिरवलं.

"अरे, घडी दिसतेय, पण हाताला लागत नाहीये."

मग भिंग काढलं. तपकिरी समोच्च रेषा सलग नव्हत्याच; गुलाबी, पिवळे, निळे, काळे ठिपके नुसते, म्हणजे हल्लीची छपाई. त्या काळी हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरत आणि तीन शायांत छापत. नावं-वाटा काळ्या, पाणी निळं, उंचीच्या रेषा तपकिरी. तपकिरी म्हणजे तपकिरीच शाई, ठिपक्यांची बेरीज नव्हे. शिक्काही ठिपक्यांचाच. डाग तेवढा खरा निघाला. दादाने वास घेतला. "चहा आहे!"

रात्री शोधलं, तर खात्याच्या 'टोपोव्ह्यू' संकेतस्थळावर १८८४ पासूनचे पावणेदोन लाखांहून जास्त नकाशे फुकट पडलेत. माझाही त्यात होता, शिक्का त्याच जागी. या सरकारी नकाशांवर स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे छापून विकण्यात गैर काही नाही. 'अस्सल' म्हणण्यात आहे. आणि खऱ्या जुन्या कागदातही मेख असते. '१९०७ची आवृत्ती' ही ओळ नंतरच्या छपाईतही तशीच राहते, पुनर्मुद्रणाचं साल शेजारी बारीक अक्षरात. व्हिटनी सिकोया राष्ट्रीय उद्यानात आलं १९२६ साली. शिखराभोवती उद्यानाची हद्द दिसली, तर तो कागद १९०७ चा कसा असेल? हे मला पैसे गेल्यावर सुचलं.

कार्डवाल्या बँकेकडे तक्रार केलीय. त्यांना विक्रेत्याने लिहिलेलं वर्णन हवंय. मी स्क्रीनशॉट काढला नव्हता, आणि त्याने आता 'अस्सल'च्या जागी 'जुन्या धाटणीचा' असं केलंय. 'एकच प्रत' मात्र अजून तसंच आहे.