नेतीचा लोटा, पिळायची बाटली की मेडिकलमधला फवारा?

माझी धाकटी जाऊ कोल्हापूरजवळ शिरोलीला एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. पावसाळ्यात तिला दोन-तीनदा पडसं ठरलेलं, आणि तिच्या मागोमाग दोन्ही पोरांना. परवा फोनवर म्हणाली, "अक्का, ते नाकात पाणी घालतात ते चालू करू काय? का मेडिकलमधनं फवारा आणू? आत्ती म्हणतात तेलच घाल." फोनवर मी अर्धंमुर्धं सांगितलं. उरलेलं इथं लिहिते, कारण हाच प्रश्न शाळेतल्या स्टाफरूममध्येही वर्षातून चार वेळा निघतो.

तिच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. एक, दिवसभराची धूळ आणि घट्ट शेंबूड बाहेर काढायचा. दुसरा, सर्दीची लागणच कमी करायची. सगळी गल्लत इथं होते. पहिल्या कामाला भरपूर पाणी लागतं, म्हणजे नेतीचा, नाक धुवायचा लोटा किंवा पिळायची बाटली. दुसऱ्या कामाला भरपूर पाण्यापेक्षा वेळ गाठणं महत्त्वाचं, आणि तिथं खिशातला साधा मिठाच्या पाण्याचा फवारा पुढे निघून जातो.

हे मी मनानं सांगत नाही. ब्रिटनमध्ये 13,799 मोठ्या माणसांवर झालेली एक चाचणी 2024 साली प्रसिद्ध झाली. दमा, मधुमेह असं काही असलेली किंवा वारंवार सर्दी-खोकल्यानं बेजार होणारी ही माणसं. नाक चुरचुरू लागलं किंवा शेजारी कुणी शिंकत बसलं की फवारा मारायचा, दिवसातून सहा वेळांपर्यंत, एवढंच त्यांना सांगितलं होतं. सहा महिन्यांत नेहमीसारखं वागणाऱ्यांचे आजारपणाचे दिवस सरासरी 8.2 भरले, मिठाच्या पाण्याचा फवारा वापरणाऱ्यांचे 6.4. अँटिबायोटिकचा वापरही घटला. आपल्याला काय मिळालंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं, तेव्हा आकड्यात थोडा वाटा मनाच्या समजुतीचाही धरायला हवा. आणि आजारपणाचे दिवस कमी झाले, सर्दी होतच नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

भरपूर पाण्यानं धुण्याच्या बाजूनंही एक अभ्यास आहे. एडिंबरोमध्ये 66 जणांवर झालेला, 2019 चा. सर्दी सुरू होताच घरी केलेल्या जरा खारट पाण्यानं नाक धुणं आणि गुळण्या करणं. त्यांची सर्दी सुमारे 1.9 दिवस आधी आटोपली आणि घरातल्या इतरांना लागण होण्याचं प्रमाण 35 टक्क्यांनी कमी दिसलं. माणसं थोडी होती, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. पण जाऊच्या घरात आईकडून पोरांना जाणारी साखळी पाहता हा आकडा तिनं लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता लोटा की बाटली. लोट्यात पाणी आपल्या वजनानं जातं: मान पुढे आणि बाजूला झुकवायची, तोंडानं श्वास घ्यायचा, एका नाकपुडीतून ओतलं की दुसरीतून धार लागते. जमायला तीन-चार दिवस लागतात. बाटलीत जोर आपल्या हाताचा असतो. मान फक्त पुढे वाकवायची, तोंड उघडं ठेवून "आ" म्हणायचं आणि हळू दाबायचं. नाक चोंदलेलं असताना लोट्याचं पाणी अडतं, बाटलीचं जातं. पण घाईत जोरात पिळली की पाणी कानाकडे चढतं आणि दिवसभर कानात दडे. धुवायला लोटा सोपा, उकळत्या पाण्यात टाकता येतो. बाटलीच्या नळीत ओल राहते, तिथं बुरशी धरते; रोज उघडी करून उलटी वाळवणं जमणार नसेल तर बाटली घेऊ नये. लोटा घेतलाच तर स्टीलचा घ्या. तांब्याचा दिसतो छान, पण मिठाच्या पाण्यानं तो हिरवा पडतो.

माझा स्वतःचा अनुभव लोट्याचा. खडूच्या धुळीनं हैराण होऊन सुरू केलं आणि पहिल्या दिवशी मीठच घातलं नाही. डोक्यात मिरची घासल्यासारखं झालं. साधं पाणी आतल्या पेशींत शिरून त्यांना फुगवतं, म्हणून ती आग. दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर घातलं, पण पाणी नीट न काढताच शाळा गाठली. पहिल्या तासाला वहीवर सही करायला वाकले आणि नाकातून धार! मुलगी बिचारी म्हणाली, "बाई, रडताय काय?" तेव्हापासून धुऊन झाल्यावर दोन मिनिटं पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळू श्वास सोडते. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरायचं नाही, तेच पाणी कानात जातं.

मिठाचं माप: लिटरला 9 ग्रॅम. पाव लिटर कोमट पाण्यात सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित कमी. बिनआयोडीनचं मीठ किंवा बारीक सैंधव बरं, आयोडीनच्या मिठानं काहींना झोंबतं. चिमूटभर खायचा सोडा घातला की आणखी सौम्य लागतं.

पण लोटा-बाटलीच्या वादात मला खरी काळजी पाण्याची वाटते. कोल्हापुरात नळाला पाणी येतं ते पिण्यासाठी शुद्ध केलेलं, नाकासाठी नव्हे. पोटातलं आम्ल पुष्कळ काही मारून टाकतं. नाकाच्या वरच्या टोकाला तसं काही नाही, तिथून मेंदू हाकेच्या अंतरावर. गोड्या पाण्यात राहणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे शिरला तर होणारा मेंदूज्वर बहुतेक वेळा जीव घेतो. 2011 साली अमेरिकेतल्या लुईझियानात नळाच्या पाण्यानं नेती करणारे दोघे त्यातच गेले. फार दुर्मीळ, पण टाळणं इतकं सोपं की धोका घ्यायचं कारण नाही. पाणी खळखळ एक मिनिट उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून टाकायचं. साडेसहा हजार फुटांच्या वर तीन मिनिटं उकळावं लागतं, पण आपण पन्हाळ्यावर राहायला गेलो तरी एक मिनिट पुरतं. आरओचं पाणी म्हणजे निर्जंतुक नव्हे. आणि 2019 आणि 2021 च्या पुरात पंपिंग स्टेशनं बुडून शहर टँकरवर आलं होतं, तसे दिवस असतील तर लोटा कपाटात ठेवावा आणि फवारा वापरावा.

फवाऱ्याची अडचण वेगळीच. मेडिकलमध्ये "नाक बंद आहे, फवारा द्या" म्हटलं की हातात पडतो तो बहुतेकदा झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचा, म्हणजे चोंदलेलं नाक उघडणाऱ्या औषधाचा. मला एका दुकानात तोच दिला होता, काही न विचारता. पाच मिनिटांत नाक मोकळं, म्हणून मी दहा-बारा दिवस मारत राहिले, आणि मग त्याच्याशिवाय नाक उघडेना. असलं औषध तीन ते पाच दिवसांपुढे गेलं की नाक उलट जास्त चोंदतं. मागताना "सलाइनचा, नुसत्या मिठाच्या पाण्याचा" असं म्हणायचं आणि बाटलीवर सोडियम क्लोराइड 0.65 किंवा 0.9 टक्के एवढंच आहे ना ते वाचायचं.

राहिलं आत्तींचं तेल. नस्य, म्हणजे नाकात औषधाचे थेंब घालणं, हा आयुर्वेदातला जुना उपचार आहे, वैद्याकडे त्याची रीत आहे, आणि कोरड्या नाकाला दोन थेंबांनी बरं वाटतं हे खरं. पण ते धुणं नव्हे, तेलानं धूळ किंवा विषाणू बाहेर येत नाहीत. शिवाय झोपताना आडवं होऊन रोज तेल घालत राहिलं तर ते नकळत फुप्फुसात उतरून एक प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो, म्हाताऱ्या माणसांत आणि लहान पोरांत जास्त. आत्तींचं वय सत्तरीपुढचं आहे. वाफेबद्दल एवढंच, की तिनं आराम पडतो, लागण थांबत नाही, आणि पोरांच्या अंगावर पातेलं सांडतं.

तर जाऊला मी असं सांगितलं. पर्समध्ये सलाइनचा फवारा. ऑफिसात कुणी शिंकलं, घसा खवखवला, की लगेच. बाटली घरी, फाउंड्रीतल्या वाळूच्या धुळीचा दिवस असेल त्या संध्याकाळी आणि सर्दी लागल्यावर. थोरल्या पोराला फवारा, धाकटा तीनचा आहे, त्याला डॉक्टरांनी सांगितलेले थेंब. कान दुखत असेल, घोळणा फुटत असेल, नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि फ्लूची लस यातल्या कशानंही चुकत नाही.

तिनं बाटली घेतली. आत्तींना तेल सोडा म्हणून सांगायचं काम मात्र माझ्यावर टाकलंय.