1098 चाइल्डलाइन : एका जिल्हा परिषद शिक्षिकेचा अनुभव, बीड जिल्हा

पाचपैकी पाच स्टार. कॉल फुकट, 24 तास चालू, स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. 1996 ला मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झालेला, अडचणीतल्या मुलांच्या मदतीचा नंबर आहे, 2023 पासून सरकार चालवतं आणि 112 ह्या आपत्कालीन नंबरला जोडलाय.

माझा कॉल मे 2021 चा, माझ्या वर्गातल्या एका पोरीचा बालविवाह थांबवायला केलेला. शाळा बंद होऊन वर्ष उलटलेलं, आठवीचा वर्ग व्हॉट्सॲप ग्रुपवर, त्या पोरीच्या घरात मोबाइल एकच आणि तो भावाकडं. एरवी कुणी दोन दिवस आली नाही की मी मैत्रिणींना विचारते, तिसऱ्या दिवशी घर गाठते. ग्रुपवर कोण गैरहजर आहे ते कळतच नाही हो. रात्री तिच्या मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला, "मॅडम, परवा तिचं लग्न हाय, रानात", तेव्हा समजलं. तेव्हा 25 माणसांत, दोन तासांत लग्न उरकायचा नियम होता म्हणजे मांडव नाही, गावजेवण नाही, खर्च वाचतो, त्यात आमच्याकडं ऊसतोडीची उचल (कामाचे आगाऊ पैसे) कोयत्यावर मिळते, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि आईबाप कारखान्याला गेल्यावर वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची ही भीती खरीच असते. शाळा चालू असली की निदान दिवसभराचा घोर मिटतो.

फोनवरच्या ताईंनी वय, गाव, तारीख, लग्नाची जागा एवढंच विचारलं, एकदम शांतपणे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख पुरावा म्हणून कामाला आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्रामसेवक (गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो, बऱ्याच जणांना माहीतच नाही) आणि पोलीस दारात. लग्न थांबलं, बालकल्याण समितीपुढं आईवडलांनी हमीपत्र दिलं. माझं नाव कुठं आलं नाही.

एक सांगते, हळद लागायची वाट बघू नका, कुणकुण लागली की लगेच फोन करा, ऐन वेळी माणसं लई चिडलेली असतात.

त्रास झाला तो पुढं. आमची शाळा आठवीपर्यंत, शिक्षण हक्क कायदा पण 14 वर्षांपर्यंतच, म्हणजे जिथं धोका सुरू होतो तिथंच कायदा हात सोडतो, ह्याचा मला फार राग येतो. नववीला एका हायस्कूलनं "भानगड झालेली मुलगी" म्हणून दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी स्वतः सोबत गेले तेव्हा नाव घातलं. 4 ऑक्टोबरला शाळा उघडल्या, पोरगी वर्गात बसली आणि महिन्याभरात एसटीचा संप. मोफत पास नुसता दप्तरात. तेव्हा कारखान्याला निघायच्या आधी तिच्या वडलांनी, त्याच वडलांनी, उचलीतल्या पैशातून जुनी सायकल घेतली आणि पोरीला आजीकडं ठेवून गेले.