विकत घेतलेल्या कंपनीत चौदा महिने

मी 14 जुलै 2014 ला पुण्यात एरंडवण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था यांचं बँकिंग सॉफ्टवेअर आम्ही करायचो. 1 नोव्हेंबर 2023 ला आमचा सगळा व्यवसाय एका मोठ्या परदेशी कंपनीने घेतला आणि 31 डिसेंबर 2024 ला मी तिथून बाहेर पडले. हा रिव्ह्यू त्या चौदा महिन्यांचा. दोन्ही कंपन्यांची नावं देत नाही, कारण माझे बरेच सहकारी अजून तिथेच आहेत. पाचपैकी अडीच देते, आणि ते अडीच कुठे गेले हे सांगते.

बातमी आम्हाला कॅन्टीनमध्ये कळली. मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, सगळ्यांना खाली बोलावलं, पेढे वाटले आणि सांगितलं की कोणाचीही नोकरी जाणार नाही. तो शब्द पाळला गेला, हे आधी नोंदवते. त्या चौदा महिन्यांत आमच्या टीममधून एकालाही काढलं नाही. पगार एकदाही उशिरा झाला नाही.

त्या दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मात्र पेढा बाजूला ठेवला आणि लगेच जुनी पत्रं शोधायला घेतली. तो आमच्याकडे येण्याआधी पटनी या आयटी कंपनीत होता. 2011 मध्ये पटनी आयगेटने घेतली, 2015 मध्ये आयगेट कॅपजेमिनीने घेतली, म्हणजे त्याने एकाच नोकरीत तीन बॅज पाहिले. तो म्हणाला, "ताई, जुना मेल बंद व्हायच्या आत नेमणूकपत्र, सगळ्या पेस्लिपा, रजेचा हिशेब, फॉर्म सोळा, सगळं घरच्या मेलवर घे. नंतर मागायला गेलीस तर द्यायला माणूसच नसतो." मी त्याच रात्री बसून सगळं उतरवून घेतलं. कोणावर ही वेळ आली तर पहिलं काम हेच करा.

तीन आठवड्यांनी नवी नेमणूकपत्रं आली. सात पानी पत्र, सही करायला दोन दिवस. चौथ्या पानावर एक ओळ होती: 'नोकरीस प्रारंभ: 1 नोव्हेंबर 2023.' माझी नऊ वर्षं साडेतीन महिने त्या पत्रात कुठेच नव्हती. जुन्या कंपनीनेही माझा हिशेब चुकता केलेला नव्हता.

ही ओळ किरकोळ वाटते, पण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम, त्याच तारखेवर उभी असते. तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे सलग पाच वर्षं झाली की हक्क लागू व्हायचा. हिशेब सरळ होता: शेवटचं मूळ वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. माझं मूळ वेतन 40,000. म्हणजे एका वर्षाचे साधारण 23,077 आणि नऊ वर्षांचे 2,07,692 रुपये. नव्या तारखेप्रमाणे मी निघाले तेव्हा माझी सेवा एक वर्ष दोन महिने भरली असती, म्हणजे या कंपनीकडून काहीच नाही. आमच्यात एक मुलगी होती, चार वर्षं आठ महिने झालेली. तिचं तर पाच वर्षं भरायच्या तोंडावरच घड्याळ शून्यावर जाणार होतं.

माझा मामेभाऊ कामगार न्यायालयात वकिली करतो. त्याला पत्र दाखवलं. त्याने आधी एकच प्रश्न विचारला: कंपनीचे शेअर विकले की धंदा विकला? शेअर विकले असते तर मालक बदलला तरी कंपनी तीच राहते, नेमणूकपत्र तेच चालतं. आमच्याकडे धंदा दुसऱ्या कंपनीच्या नावे झाला होता, म्हणून नवी पत्रं. तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 25-एफएफ होतं. व्यवसाय हस्तांतरित झाला आणि कामगाराची सेवा खंडित धरली नाही, सेवेच्या अटी आधीपेक्षा कमी केल्या नाहीत, आणि पुढे कधी कामगार कपात झाली तर नवा मालक सलग सेवा धरून भरपाई देईल असं ठरलं, तर हस्तांतरणाची वेगळी भरपाई लागत नव्हती. इंजिनिअर 'कामगार' या व्याख्येत बसतो की नाही यावर वाद घालता येतो, हेही त्याने लपवलं नाही. "म्हणून कोर्टाच्या भरवशावर राहू नकोस," तो म्हणाला, "सही करायच्या आधी लेखी मागून घे. सही झाली की तुझ्या हातात काही राहत नाही."

आम्ही मागितलं. सदतीस जणांनी एकच मेल पाठवला, चार ओळींचा, कोणताही आरोप न करता. मूळ रुजू तारीख पत्रात यावी, ग्रॅच्युइटी आणि रजेसाठी सेवा सलग धरावी, शिल्लक अर्जित रजा तशीच पुढे यावी, पीएफ जुन्याच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर, चालू राहावा. पाच दिवस काहीच उत्तर नाही. ते पाच दिवस मला झोप लागली नाही, कारण घरी गृहकर्जाचा हप्ता होता आणि मुलगा दहावीला. सहाव्या दिवशी एचआरकडून सुधारित पत्रं आली, मूळ तारखेसकट. हेही त्यांच्या बाजूने लिहायला हवं: मागितल्यावर त्यांनी दिलं. पण आम्ही मागितलं नसतं तर त्या पत्रावर तशाच सह्या झाल्या असत्या. पहिल्याच दिवशी सही करून मोकळे झालेले सहा जण होते. त्यांची पत्रं बदलून घ्यायला दोन महिने लागले.

पगाराचं सांगते. 'आठ टक्के वाढ' असं जाहीर झालं. आधी माझे वर्षाचे 14 लाख होते, सगळे ठरलेले. नवा आकडा 15,12,000, पण त्यातले 12 टक्के, म्हणजे 1,81,440 रुपये कामगिरीवर. ठरलेला पगार उरला 13,30,560. म्हणजे दर महिन्याला हातात येणारा पैसा आधीपेक्षा सुमारे 5,800 रुपयांनी कमी, तोही कर धरण्याआधीचा. आधीच्या आरोग्य विम्यात आईबाबा होते, नव्यात ते नव्हते. नोटीस दोन महिन्यांची तीन महिने झाली. वाढीचा आकडा बघून खूश होण्याआधी 'फिक्स्ड' या रकान्यातला आकडा जुन्याशी ताडून बघा.

चांगलं झालं तेही खरंच चांगलं झालं. आधी ग्राहकांच्या चालू डेटाबेसचा एक पासवर्ड आम्हा वीस जणांना पाठ होता. बँकेच्या डेटाबाबत ते धोक्याचंच होतं. नव्या कंपनीने पहिल्या महिन्यात ते बंद केलं, कोण कधी आत गेलं याची नोंद सुरू केली. कोड दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय पुढे जाणं थांबलं. शनिवार सुटला. खराडीच्या नव्या ऑफिसजवळ पाळणाघराची सोय झाली, आमच्या दोन मुली त्यामुळेच बाळंतपणानंतर परत कामावर येऊ शकल्या. जाण्यायेण्याचा त्रास मार्च 2024 मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत गेल्यावर कमी झाला. वनाजला बसायचं, रामवाडीला उतरून पुढे रिक्षा.

मग मी का सोडलं? 31 मार्चमुळे.

बँकेत काम केलेल्या कोणालाही 31 मार्चची रात्र सांगावी लागत नाही. 2024 चा 31 मार्च रविवारी आला, तरी आमच्या ग्राहक बँकांची माणसं वर्षअखेरीला शाखेत बसली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या बँकेचे एक अधिकारी मला नऊ वर्षं फोन करत आले होते. "ताई, डे-एंड अडकलंय बघा," म्हणजे दिवसाचा हिशेब बंद होत नाहीये, एवढंच म्हणायचे, आणि मला त्यांच्या आवाजावरून कळायचं की कॅश जुळत नाहीये की व्याज पडत नाहीये. हे ओळखायला मी नऊ 31 मार्च घालवले होते. नव्या कंपनीत ग्राहकाने थेट फोन करायचा नाही, तिकीट टाकायचं, म्हणजे सिस्टिमवर तक्रार नोंदवायची. तिकीट दुसऱ्या देशातली टीम उघडणार.

त्या अधिकाऱ्यांनी त्या रात्री 9:40 ला तिकीट टाकलं. मला ते स्क्रीनवर दिसत होतं. व्याजाची तरतूद एका खात्यावर येऊन थांबत होती. मी खाते क्रमांकासमोरची तारीख पाहिली आणि कारण समजलं. वर्षाची मुदत ठेव, 29 फेब्रुवारी 2024 ला आपोआप नूतनीकरण झालेली, पुढची मुदत पडली होती 29 फेब्रुवारी 2025. अशी तारीखच नाही. तिथे 28 फेब्रुवारी टाकली की डे-एंड पुढे सरकणार होतं. वीस मिनिटांचं काम. पण मला आत जायचा अधिकार नव्हता, आणि मी तिकिटावर लिहिलेलं कारण 'अंतर्गत टिप्पणी' म्हणून पडून राहिलं. त्या टीमने 11:15 ला लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंद, मागितला. 1:30 ला तोच लॉग दुसऱ्या स्वरूपात मागितला. पहाटे 4:15 ला तारीख बदलली, मी लिहिली होती तीच. ते अधिकारी 58 वर्षांचे, मधुमेही. तोवर शाखेतच बसून होते.

मधे दोनच्या सुमारास मी माझ्या फोनवरून त्यांना कारण सांगितलं, म्हणजे निदान कळेल तरी की डेटा गेलेला नाही. त्याबद्दल मला पुढच्या आठवड्यात लेखी समज मिळाली. पासवर्ड काढून घेतला ते बरोबरच होतं, आजही तेच म्हणेन. पण ज्या माणसाला दुखणं ठाऊक आहे त्याला नियंत्रित, नोंदवलेली परवानगी देता येते. मी जूनमध्ये तसा दोन पानी प्रस्ताव दिला. उत्तर आलं नाही. सप्टेंबरमध्ये दोन बँकांनी करार वाढवले नाहीत आणि आम्हाला बैठकीत विचारलं गेलं की ग्राहक नाराज का आहेत.

नवीन पदवीधरांना मी ही कंपनी सुचवेन. शिस्त शिकाल, प्रशिक्षणावर खर्च करतात, सुट्टीला फोन येत नाहीत. ज्यांना ग्राहकाच्या शेजारी बसून काम करायची सवय आहे त्यांना तिथे गुदमरेल.

सोडतानाचं प्रकरण सुरळीत झालं. मागे जुन्या कंपनीने पीएफच्या पोर्टलवर नोकरी संपल्याची तारीख भरलीच नव्हती. शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटले की ती आपल्यालाच भरता येते, तशी मी भरली आणि जुनी शिल्लक नव्या खात्यात वळवली. हे आधीच केलेलं असल्याने निघताना अडलं नाही. मूळ वेतन शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. 27 जानेवारी 2025 ला, कायद्याच्या तीस दिवसांच्या आत, ग्रॅच्युइटी जमा झाली: 14 जुलै 2014 पासून धरून दहा वर्षांची, 2,30,769 रुपये.