मुंबईत ऑटिस्टिक मोठ्या माणसाने नोकरीसाठी मदत कुठे शोधायची: सरकारी रस्ता, संस्था की सरळ कंपनी?

मला 27व्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं, आता 32 पूर्ण होतील. राहते मुलुंडला, विक्रोळीच्या एका ऑफिसात अकाउंट्समध्ये आहे, बिलं आणि बँक स्टेटमेंट जुळवायचं काम. माझा मावसभाऊ 24 वर्षांचा आहे, तोही ऑटिस्टिक, पण तो फार कमी बोलतो आणि गर्दीत एकटा जाऊ शकत नाही. आता मावशीने विचारलंय की याला नक्की कुठे घालू, म्हणून जे बघितलंय ते सगळं एकत्र लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते, नोकरी मिळवून देतो म्हणणारे बरेच भेटतात, तिसऱ्या महिन्यात काही बिनसलं की फोन उचलणारा कोण आहे ते बघून ठरवा.

तिन्हीकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, कामाला येतं, आणि सरकारी आरक्षणासाठी 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व कागदावर असावंच लागतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग हॉस्पिटलात तपासणी. त्यात आयसा नावाची चाचणी असते, 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 मार्क, 70च्या खाली आलात तर ऑटिझम धरत नाहीत. मुद्दे बरेचसे लहान मुलांना डोळ्यासमोर ठेवून केल्यासारखे वाटतात. माझ्या वेळी डॉक्टरांनी माझ्या आईला विचारलं, ही एकटीच खेळते का, तेच तेच खेळते का, आणि आई माझ्याकडे बघत बसली कारण मी समोर ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन बसले होते. म्हणून लहानपणापासून ओळखणारं कोणीतरी सोबत न्याच, पण आत्ताच्या आयुष्यातली उदाहरणंही कागदावर लिहून न्या. मी लिहिलं होतं की लोकलचा प्लॅटफॉर्म अचानक बदलला की मला पाच-दहा मिनिटं हलताच येत नाही, ते वाचल्यावर डॉक्टरांनी पुढचे प्रश्न वेगळे विचारले.

आता सरकारी रस्ता. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे, पण आपल्या वाट्याला त्यातला 1 टक्का येतो आणि तोही बौद्धिक अपंगत्व, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासोबत वाटून. शिवाय जाहिरातीतलं पद ऑटिझमसाठी योग्य म्हणून यादीत आहे का ते आधी बघावं लागतं. केंद्राच्या भरतीत वयाची 10 वर्षं सवलत मिळते, त्यामुळे उशिरा निदान झालेल्यांनी हा रस्ता लगेच सोडू नका. ज्याला घरी बसून शांतपणे अभ्यास जमतो आणि दोन-तीन वर्षं घरचा आधार आहे त्याच्यासाठी मी हा रस्ता वर ठेवीन, पगार आणि सुरक्षितता बाकी दोघांपेक्षा चांगली. आणि सायनला चुनाभट्टीजवळ दिव्यांगांसाठीचं नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर आहे, जुने लोक त्याला अजून व्हीआरसीच (व्होकेशनल रिहॅबिलिटेशन सेंटर) म्हणतात. तिथे कौशल्याची तपासणी होते, ट्रेनिंग असतं, कंपन्यांकडे नाव पाठवतात, पैसे लागत नाहीत. सगळ्या प्रकारचे दिव्यांग तिथे येतात, त्यामुळे मला आवाज सहन होत नाही, सूचना लिहून लागतात, हे आपणच स्पष्ट सांगायचं.

संस्थांचं चित्र वेगळं. जुहूचं कॅफे अर्पण 2018 पासून चालू आहे, यश चॅरिटेबल ट्रस्टचं, तिथे ऑटिझम आणि इतर विकासात्मक अपंगत्व असलेले मोठे लोक स्वयंपाकघरात आणि टेबलांवर काम करतात. अशा जागेची खरी ताकद म्हणजे कामाचे तुकडे पाडलेले असतात आणि शेजारी उभं राहून शिकवणारा माणूस असतो, चुकलं तर कोणी आरडाओरडा करत नाही. मावसभावाला मी एका संस्थेच्या पॅकिंग युनिटमध्ये काम करताना बघितलंय, टेबलावर चिकटपट्टीने आखलेले चार चौकोन, पहिल्यात डबा, दुसऱ्यात कागद, तिसऱ्यात झाकण, चौथ्यात तयार माल, आणि हा मुलगा जो घरी 10 मिनिटं जागेवर बसत नाही तो दीड तास उठला नाही. मला रडू आलं, खरंच. पण तिथे महिन्याला 2,500 रुपये मानधन मिळतं आणि पगार का नाही विचारलं तर उत्तर नीट मिळत नाही. म्हणून कुठल्याही संस्थेत पहिल्याच भेटीत विचारा, हा पगार आहे की मानधन, आणि इथून बाहेरच्या नोकरीत आजवर किती जण गेले. विचारायला लाजू नका, आपल्या माणसाच्या श्रमाचे पैसे आहेत.

तिसरा रस्ता सरळ कंपनी. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने 2013 मध्ये ऑटिस्टिक लोकांना नोकरी देणारा ऑटिझम ॲट वर्क हा उपक्रम सुरू केला, त्याची सुरुवातीची भरती बंगळुरूला पण झाली होती, तेव्हापासून मोठ्या कंपन्या न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे प्रत्येकाच्या मेंदूची घडण वेगळी, हा शब्द वापरायला लागल्या. दिव्यांगांसाठी अटिपिकल ॲडव्हांटेजसारखे पोर्टल आहेत तिथे प्रोफाइल टाकता येतं. पण खाजगी कंपनीला 4 टक्क्यांचं बंधन नाही हे लक्षात ठेवा. मात्र 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर समान संधीचं धोरण करून जाहीर करावं लागतं आणि त्यात लायझन ऑफिसरचाही, म्हणजे दिव्यांगांची भरती आणि सोयी बघणाऱ्या अधिकाऱ्याचाही, उल्लेख असावा लागतो, म्हणून इंटरव्ह्यूला जाण्याआधी वेबसाइटवर ते शोधा, नसेल तर एचआरला मेल करून मागा. उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळतं.

माझ्या पहिल्या कंपनीत मी काहीच सांगितलं नव्हतं. चौथ्या महिन्यात एका सोमवारी गेले तर माझी जागा प्रिंटरशेजारी हलवलेली, वर एसीचा झोत, आणि मॅनेजर म्हणाले ॲडजस्ट करा की थोडं. तीन आठवड्यांत नोकरी सोडली, कामात एकही चूक नव्हती. दुसऱ्या वेळी ऑफर लेटर हातात आल्यावर आणि सही करायच्या आधी सांगितलं, ठरलेली जागा, सूचना मेलवर, कानाला हेडफोन, बस. तिन्ही मिळालं. निदान सांगायचंच असा नियम नाही, ज्याला काही सोय लागत नाही त्याने नाही सांगितलं तरी चालेल, पण मला लागते. आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र असल्यामुळे जुन्या टॅक्स रिजीममध्ये 75,000 ची वजावटही मिळते.

मावशीला मी सांगितलंय की त्याला अजून वर्षभर संस्थेतच राहू दे, पण मानधनाचं लेखी माग आणि तोपर्यंत कार्ड करून घे, मग चुनाभट्टीला मी येते बरोबर. तो स्वतः पदवीधर असता, एकटा प्रवास करत असता तर मी संस्थेचं नावही काढलं नसतं, सरळ कंपनीत अर्ज करायला सांगितलं असतं आणि शेजारी सरकारी परीक्षेचा फॉर्म भरून ठेवायला. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा मी त्याला दुपारी रिकाम्या लोकलने मुलुंड ते कुर्ला नेणारेय, हेडफोन त्याच्या कानावर आणि उतरायच्या स्टेशनचा फोटो त्याच्या हातात, कारण चुनाभट्टीला जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागते.